घडी काही बसेना

पार्किंगमधून माझी दुसरी सायकल चोरीला गेली, तेव्हा वॉचमनने मला धीर दिला, "जाऊ द्या साहेब, गंजलीच होती." पहिलीच्या वेळीही तो हेच म्हणाला होता. त्या रात्री ठरवलं, आता सायकल घ्यायची ती पलंगाखाली झोपणारी. म्हणजे घडीची.

नाशकात सायकलीबद्दल सल्ला विचारणं म्हणजे रामकुंडावर उभं राहून गुरुजी कुठे भेटतील असं विचारणं. एकाला विचारा, चौघे धरतात. इथल्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. तेव्हापासून गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलेला माणूसही अधिकारवाणीने बोलतो. एक म्हणाला, १६ इंची चाक घे, घडी लहान होते. दुसरा म्हणाला, आपल्या खड्ड्यांत १६ इंची चाक अख्खं मावतं, २० इंची घे. तिसऱ्याने थेट ब्रॉम्प्टन सांगितली. अँड्र्यू रिची नावाच्या गृहस्थाने सत्तरच्या दशकात लंडनमधल्या राहत्या घरी ही सायकल जुळवली आणि समोरच्या ब्रॉम्प्टन ओरेटरी चर्चवरून तिचं नाव पडलं. तोच जर रविवार कारंज्यावर राहत असता, तर सायकलीचं नाव 'चांदीचा गणपती' पडलं असतं. किंमत लाखाच्या पुढे आहे हे कळल्यावर तेच नाव जास्त शोभलं असतं असं वाटलं.

शेवटी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो.

"नातवासाठी का काका?" पोराने विचारलं. माझं वय ४८.

"मलाच हवीय. पण एवढ्याशा चाकाला पाय दुप्पट मारावे लागतील ना?"

"नाही हो. पुढची दातेरी चकती मोठी असते, तिथे भरून निघतं." मग त्याने सीट खाली सोडली, हँडल पाडलं, मधला खटका उघडला. १५ सेकंदांत सायकलीची वळकटी! मी भारावलो. (भारावलेल्या माणसाने खिशात कार्ड ठेवू नये.)

"वजन?"

"फक्त १४ किलो."

घरी हे 'फक्त' सौ.ना पटलं नाही. "अहो, सिलिंडरमध्ये गॅसही तेवढाच असतो. तो कधी उचललात?" सिलिंडरचं स्वतःचं वजन वेगळं असतं, हा मुद्दा मी गिळला.

पहिली घडी मला ११ मिनिटांत जमली. सीटची नळी आधी खाली सोडायची राहिली की घडी उभी न राहता लोळते. पेडल चुकीच्या जागी थांबलं की दोन्ही चाकं एकमेकांकडे पाठ फिरवतात, आमच्याकडे दिवाळीच्या खरेदीनंतर असतं तसं वातावरण. आठवडाभर मी हॉलमध्ये सराव केला. चिरंजीव मोबाइलवर वेळ लावून बसायचे.

रविवारी सोमेश्वरच्या बाजूला मिसळ खायला निघालो. सायकल पळाली छान, खोटं कशाला बोलू? फक्त प्रत्येक खड्डा थेट कण्यात ऐकू येत होता.

मिसळवाल्याच्या दारात मी रुबाबात उतरलो. सीट, हँडल, खटका. ४० सेकंद! माझा विक्रम. टेबलाशेजारी घडी उभी केली आणि पापड मोडला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं पोरगं म्हणालं, "काका, परत करून दाखवा ना." दाखवली. मग त्याच्या मावशीला दिसली नव्हती. मग गल्ल्यावरचे मालक उठून आले. चौथ्या वेळी पेडल अडकलं, तेव्हा सहा जण सल्ला देत होते आणि माझ्या रश्श्यावर तर्रीची साय धरली होती.

कोपऱ्यात एक धोतरवाले आजोबा मघापासून एकटक बघत होते. चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "चांगली आहे. चोराला काखेत मारून नेता येईल."