पर्यावरण वाचवा, पण पॅसिव्ह व्हॉइसमध्ये

आज तुमच्या ऑनलाइन इंग्रजीच्या वर्गात 'सस्टेनेबिलिटी' आहे ना? मग आधी एसी १८ वर आणा. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर बसून पृथ्वी तापल्याची काळजी वाहायची, तर डोकं थंड हवंच. २४ वर ठेवला तर दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते, पण तो हिशेब गणिताच्या शिकवणीतला. आता पाठीमागे जंगलाची व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावा. येऊरचा खरा डोंगर खिडकीतून दिसतो, पण त्यासाठी उठून पडदा सरकवावा लागेल. नकली जंगलासाठी बिचाऱ्या लॅपटॉपला प्रत्येक फ्रेममधून तुमचं डोकं कातरून काढावं लागतं. प्रोसेसर तापतो, पंखा घोंघावतो आणि मान वळवली की तुमचा एक कान झाडीत गडप होतो. होऊ द्या. निसर्गाशी एकरूप होणं म्हणतात ते हेच असावं.

शब्दसंपत्तीवर फार वेळ घालवू नका. 'कार्बन फूटप्रिंट', 'इको-फ्रेंडली' आणि सुरुवातीला 'नाउ-अ-डेज', एवढ्यावर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला २५० शब्दांचा निबंध ४० मिनिटांत निभावून नेणारे पुष्कळ आहेत. मेहनत घ्यायची ती व्याकरणावर. पळवाटा तिथेच आहेत.

पहिली पळवाट पॅसिव्ह व्हॉइस. नेरुळच्या तलावात भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद झाली, तलाव सुकला, रोहित पक्ष्यांची पंचाईत झाली. इंग्रजीत म्हणा, 'द वॉटर वॉज ब्लॉक्ड.' संपलं! कोणी अडवलं, हे वाक्याने विचारलेलंच नाही. शेवटी 'बाय' जोडायचा मोह होईल, तो आवरा. 'बाय'नंतर कोणाचं तरी नाव घ्यावं लागतं. दुसरी पळवाट 'शुड'. 'गव्हर्नमेंट शुड', 'पीपल शुड', फार तर 'वी शुड'. 'आय' मात्र जपून वापरा, आणि साध्या वर्तमानकाळाबरोबर तर मुळीच नको. इंग्रजीत हा काळ रोजच्या सवयींचा. 'आय थ्रो' म्हणालात की ओला कचरा सुक्याच्या डब्यात जातो, हेही त्याच वाक्यात कबूल करून बसाल.

तिसरी गंमत तर फारच सोयीची. 'वेस्ट', 'गार्बेज', 'प्लास्टिक' ही नामं इंग्रजीत बहुधा मोजायची नसतात. 'गार्बेजेस' म्हणालात तर शिक्षिका टोकतील. मोजायचंच झालं तर पुढे 'अ किलो ऑफ', 'टू बॅग्ज ऑफ' असं माप लावावं लागतं, आणि माप लावलं की आपल्याच घरून रोज किती पिशव्या खाली जातात, ते तोंडून निघतं. तेव्हा माप नको. मोघम 'अ लॉट ऑफ' पुरे.

चुकूनही करू नये असं एक काम म्हणजे घरच्या खताचं वर्णन. जुनी बादली घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली नारळाच्या शेंड्या पसरा. भाजीची देठं-सालं इंचभर चिरून टाका आणि दर वाटीभर ओल्यावर दोन-तीन वाट्या वाळका पाला घाला. दोन-तीन दिवसांनी हलवा. कुबट वास आला तर समजा ओल जास्त झाली आणि आत हवा नाही. पाला वाढवा, वर-खाली करा. मूठभर घेऊन पिळा: पाणी ठिबकलं तर फार ओलं, मूठ उघडताच भुगा झाला तर वरून पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. यातला धोका लक्षात आला का? 'चॉप', 'लेयर', 'स्टर', 'स्क्वीज', 'स्प्रिंकल' ही पाच क्रियापदं हाताने शिकलात तर परत विसरता येत नाहीत. शिवाय 'बॅड स्मेल'वर भागत नाही, 'सॉगी' आणि 'क्रम्ब्ली' आठवावे लागतात. परीक्षक दोन मिनिटं बोला म्हणाला तर तुम्ही थांबणारच नाही.

तीच गोष्ट ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीतल्या जैवविविधता केंद्राची. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, एवढं वाक्य पाठ असलं की झालं. तिथे प्रत्यक्ष गेलात तर खाडीकाठची जी झाडं इंग्रजीत सगळी 'मॅन्ग्रोव्ह', ती इथे तिवर वेगळं, चिपी वेगळी, कांदळ वेगळं, असं कोणीतरी दाखवेल आणि तुमचा तो एकुलता एक शब्द फारच तोकडा वाटू लागेल.

उच्चाराचा एक सापळा राहिला. आर-ई-एफ-यू-एस-ई. आघात पहिल्या अक्षरावर, शेवटी 'स': 'रेफ्यूस', म्हणजे कचरा. आघात दुसऱ्यावर, शेवटी 'झ': 'रिफ्यूझ', म्हणजे नाकारणे. तुम्ही पहिलाच घोटा. कारण वर्ग संपवून संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घ्यायला जाल, तेव्हा नियमातल्या १२० मायक्रॉन जाडीच्या कितीतरी खालची प्लास्टिकची पिशवी फुंकर मारून उघडत भाजीवाला मराठीतच विचारणार आहे, "पिशवी देऊ?"