मिंग शिपायाच्या पाठीवर वेणी!

टेबलावरच्या युद्धखेळासाठी मागवलेले छोटे चिनी सैनिक, सोळाच्या सोळा चुकीचे! एक सुटला नाही. सात आठवडे वाट बघितली, कस्टमला वेगळे पैसे मोजले, काल रात्री पार्सल फोडलं. पाकिटावर ठळक ‘मिंग पायदळ’, म्हणजे चीनच्या मिंग राजघराण्याचे शिपाई. सैनिक हातात घेऊन फिरवला, तर कमरेपर्यंत लोंबणारी मांचू वेणी. अरे, मिंगांचं बीजिंग पडलं १६४४ साली! वेणीची सक्ती मिंगांनंतर चीन जिंकणाऱ्या मांचूंनी केली १६४५ मध्ये, आणि नाही म्हणणाऱ्यांची डोकी उडवली. ज्या वेणीपायी माणसं मेली, ती तुम्ही मिंग शिपायाच्याच पाठीला चिकटवता? तो केस वाढवून डोक्यावर बुचडा बांधायचा. त्या काळातलं एक चित्र उघडून बघायला किती वेळ लागतो?

विक्रीच्या पानावर फोटो फक्त समोरून होते. का, ते आता कळलं. मेल केला, तर उत्तर आलं की टेबलावर मांडल्यावर हातभर अंतरावरून कोणाला दिसणार आहे? मला दिसणार आहे! माझे सैनिक शत्रूकडे तोंड करून उभे असतात, म्हणजे पूर्ण खेळभर मी त्यांच्या पाठीच बघतो!

मला मिंगांचा सेनापती छी जीग्वांग याची फौज उभी करायची आहे. १५५९ मध्ये यीवूच्या शेतकऱ्यांतून आणि खाणकामगारांतून भरती करून त्यानं किनाऱ्यावरच्या चाच्यांना हाणलं, ती फौज. युआनयांग व्यूहात तुकडी बाराची: एक म्होरक्या, दोन ढालवाले, दोन लांगश्यानवाले, चार भालेवाले, दोन त्रिशूळवाले आणि एक स्वयंपाकी. पाच तुकड्या म्हणजे साठ माणसं. भालेवाले कसेबसे जमतात. वेताची गोल ढाल मिळाली, तर धरणारा दुसऱ्याच शतकातला निघतो. आणि लांगश्यान? फांद्या तशाच ठेवलेला लांबलचक बांबू, टोकाला लोखंडी पातं. अख्खा व्यूह त्याच्या आडोशानं पुढे सरकतो, आणि २८ मिलिमीटर उंचीच्या सैनिकांत तो धरलेला एक माणूस मला तीन वर्षांत मिळालेला नाही. दहा हवेत. खराट्याच्या काड्या आणि तांब्याची तार घेऊन मीच बनवतोय.

सामुराई मागा. हवा तो सरदार, हवा तो झेंडा, घोड्यावर, पायी, मेलेला, जखमी, सगळे हजर. चीन म्हटलं की पहिल्या छिन सम्राटाच्या थडग्यातल्या मातीच्या सैन्याची नक्कल, नाहीतर १९०० चे परक्यांविरुद्ध उठलेले बॉक्सर बंडखोर, कारण समोर युरोपची पलटण उभी करायची असते. थांग घराण्यापासून मिंगपर्यंत हजार वर्षं झाली, ती कुठे गेली? मधल्या सोंग घराण्याचे क्रॉसबोवाले शोधताना मी असाच कावलो होतो. तेव्हा सल्ला मिळाला, मंगोल घे आणि रंग बदल. ज्यांच्याशी सोंग चाळीसेक वर्षं लढले त्यांचेच सैनिक त्यांच्या बाजूनं उभे करू?

आणि स्केल! एक जण २८ मिलिमीटर डोळ्यांपर्यंत मोजतो, दुसरा टाळूपर्यंत, तिसऱ्याची डोकी नारळाएवढी. दोन कंपन्यांची माणसं एका बेसवर ठेवली की बाप आणि शाळकरी मुलगा दिसतात. धातूचे भाले पोस्टात वाकतात, रेझिनचे प्राइमर मारायच्या आधीच तुटतात. आठाच्या पाकिटात झेंडेवाला आणि ढोलवाला हमखास, म्हणून माझ्याकडे अकरा ढोलवाले पडून आहेत आणि स्वयंपाकी एकही नाही. तो तुकडीतला बारावा माणूस होता, सेनापतीनं स्वतः मोजलेला!

परत पाठवायचं तर टपालखर्च मालाइतकाच. म्हणून रात्री सुरी घेऊन बसलो. वेणी तासायची, पाठ घासायची, पुट्टीचा बुचडा बसवायचा. एकाला पाऊण तास लागतो. सातव्याची वेणी निघताना मान तुटली. नऊ अजून बाकी आहेत.