साल चावून म्हणे धनुष्याचं लाकूड ओळखा!

‘सह्याद्रीतल्या झाडापासून घरच्या घरी धनुष्य: पूर्वजांचं विसरलेलं विज्ञान’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर आला तेव्हा हसून सोडून दिला असता. पण नववीतला भाचा तो वाचून वेताळ टेकडीवर निघाला होता, आजोबांचा कोयता घेऊन. पुण्यात हल्ली कोयता घेऊन फिरणाऱ्या पोराकडे लोक कसे बघतात ते सोडा, मेसेजात लिहिलंय ते त्याहून घातक आहे.

मेसेज म्हणतो: लांब, सरळ, लवचिक फांदी शोधा. साल चावून बघा. कडूजहर लागली तर त्या लाकडाला कीड लागत नाही, तेच धनुष्याचं झाड. ओलंच तोडा, तीन दिवस कडक उन्हात वाळवा. टेकडीवर पडलेलं लाकूड कुणाचंच नसतं, तेही बिनधास्त उचला. दोरी रुईच्या सालीची करा.

साल चावून? अहो, आपल्या आसपास लांब, सरळ, लवचिक आणि वर कडू अशी फांदी कुणाची असते, जरा आठवा की. कण्हेरीची! हायवेच्या दुभाजकात, सोसायटीच्या कुंपणाला, देवळामागे, जिकडेतिकडे. तिचं पान, साल, मूळ सगळं विषारी, वाळल्यावरसुद्धा, आणि ते विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. पिवळी कण्हेर त्याच माळेतली. कोकणाच्या बाजूला उतरलात तर काजरा भेटेल. तोही कडू, आणि त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहाल विष. म्हणजे ही परीक्षा नेमकी नको ती झाडं पास करते! लिहिणाऱ्याने स्वतः चावून पाहिलं नसणार हे उघड आहे, नाहीतर पुढचे मुद्दे लिहायला तो उरलाच नसता.

झाड ओळखतात ते पान, फूल, फळ बघून. धनुष्यासाठी नाव घ्यावं असं आपल्याकडचं झाड म्हणजे धामण. पानाची कड करवती, बुडाशी पान एका बाजूला कललेलं आणि तिथूनच ठळक शिरा फुटलेल्या. फुलं बारीक, पिवळी. फळ वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळं, खाता येतं. लाकूड चिवट, त्यामुळे हत्यारांचे दांडे आणि कावडी याच्या करतात. पानगळीत मात्र नवख्याने नुसत्या खोडावरून अंदाज बांधू नये, जाणता माणूस सोबत हवा.

ओलं लाकूड सहज वाकतं हे खरं, पण वाकलेलं तसंच राहतं. धनुष्याला तर सोडल्याबरोबर परत सरळ होणारं लाकूड लागतं. आणि उन्हात टाकलंत की पाणी टोकांकडून भराभर उडतं, लाकूड टोकापासून चिरत येतं. म्हणून टोकांना मेण किंवा रंग फासून सावलीत ठेवायचं, काही महिने. तीन दिवसांत पापड वाळतात.

‘पडलेलं लाकूड कुणाचंच नसतं’ हे तर धादांत खोटं. टेकडीवर वनखात्याची जमीन आहे, आणि 1927 च्या भारतीय वन कायद्यात लाकडाच्या व्याख्येतच पडलेली आणि तोडलेली दोन्ही झाडं धरली आहेत. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा वृक्ष जतनाचा कायदा वेगळाच. शिवाय पडून कुजलेल्या लाकडाचं धनुष्य ओढताना मोडलं की तुकडा तोंडावर येतो.

राहिली रुई. इथे नाइलाजाने मान डोलवावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याचं प्रकरण आहे. त्यात प्रत्यंचेसाठी मूर्वा, अर्क, सण, गवेधु, वेणू आणि स्नायू अशी यादी येते. अर्क म्हणजे आपली रुईच. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, दिसायचं कमी होतं. साल सोलल्यावर तोच हात डोळ्याला लावणारी पोरंच हा मेसेज वाचतायत, आणि त्यात सावधगिरीचा एक शब्द नाही. त्याच प्रकरणात धनुष्य कशाचं, तेही दिलंय: ताड, बांबू, लाकूड, शिंग. पूर्वजांचं विज्ञान सांगायचंच होतं तर एवढं तरी उघडून बघायचं!

त्यातला बांबू पुण्यात कायदा न मोडता मिळतो. ‘इंडियन राउंड’ या तिरंदाजीच्या प्रकारात आजही बांबूचंच धनुष्य असतं. बुरूड आळीत किंवा टिंबर मार्केटात जाऊन जून, भरीव बांबू मागा, कोवळा हिरवा नको. उभा चिरला की सालीकडची गुळगुळीत बाजू निशाणाकडे ठेवायची. सगळा ताण तीच सोसते, तंतू तिथेच दाट असतात. त्या बाजूला पटाशी लावायची नाही, पेरांच्या गाठीसुद्धा सपाट करायच्या नाहीत. तासायचं ते आतून, थोडं थोडं, दर वेळी दोरी हलकी ओढून बघत. एक टोक कमी वाकत असेल तर त्याच बाजूला आणखी तासायचं, आणि दोन्ही सारखी वाकेपर्यंत पूर्ण ओढायचं नाही.