संध्याकाळच्या सातची वीज

बिल वाढलं की शिव्या वीज कंपनीला, लाइट गेली की शिव्या वीज कंपनीला, आणि चिमणीतून धूर निघाला की पुन्हा वीज कंपनीलाच. बावीस वर्षं मी या तिन्ही शिव्या पगार घेऊन खाल्ल्या. आता निवृत्त झालोय, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मिळवलाय असं समजतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मी एका वितरण कंपनीच्या वीजखरेदी विभागात होतो. काम ऐकायला सोपं वाटतं. उद्या किती वीज लागेल याचा अंदाज आज बांधायचा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यासमोर मेगावॅटचा एक आकडा लिहायचा. दुपारी अचानक ढग आले, आकडा चुकला. उकाडा एका अंशाने वाढला, चुकला. आणि चूक लपवायला जागा नाही, कारण ग्रीडमध्ये जेवढी वीज खर्च होते तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली की फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते तो आकडा) खाली, जास्त झाली की वर. नियंत्रण कक्षातली माणसं त्या आकड्याकडे तापलेल्या पोराच्या थर्मामीटरकडे बघावं तशी बघत असतात.

4 जुलै 1990 ची गोष्ट आमच्या धंद्यात अजून सांगतात. फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि हिरमुसलेला अख्खा देश एकाच वेळी उठून चहाच्या किटल्या लावायला गेला. मागणी 2,800 मेगावॅटने उसळली. अशा उसळीसाठी त्यांच्याकडे वेल्समध्ये डिनॉर्विगचा उदंचन प्रकल्प होता, 1984 साली सुरू झालेला. रात्री फालतू उरलेल्या विजेने पाणी डोंगरावरच्या तलावात चढवून ठेवायचं आणि गरज पडली की काही सेकंदांत खाली सोडायचं. किटली उकळण्यासाठी डोंगर पोखरावा लागतो, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पुढे हसू आलं नाही.

आता मूळ मुद्दा. वाढती मागणी, परवडणारा दर आणि पर्यावरण या तीन गोष्टींची ओढाताण आहे, एक धरली की दुसरी सुटते, असं सगळीकडे लिहिलं जातं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दुपारी बाराच्या तुकड्यात ही ओढाताण मला क्वचितच दिसली. पहाटे तीनच्या तुकड्यात तर नाहीच. ती दिसायची संध्याकाळी सातच्या आसपास, आणि वर्षातल्या काही मोजक्या दिवसांना तर जीव काढायची.

कारण सांगतो. वीजकेंद्रं रांगेत उभी असतात, स्वस्त इंधनवालं पुढे, महाग इंधनवालं मागे. मागणी वाढेल तसं मागच्याला बोलावणं जातं. या रांगेला मेरिट ऑर्डर म्हणतात. रांगेच्या अगदी शेवटी अशी केंद्रं असतात की वर्षाच्या 8,760 तासांपैकी जेमतेम काहीशे तास ती चालतात. उरलेला काळ ती नुसती उभी, पण त्यांचं कर्ज, देखभाल आणि पगार बारा महिने चालूच. तारांचं आणि उपकेंद्रांचंही तसंच. रोहित्र किती मोठं बसवायचं हे सरासरी वापरावर ठरत नाही, सगळ्यात वाईट संध्याकाळी किती ओढ लागते यावर ठरतं. म्हणजे तुमच्या बिलातला मोठा हिस्सा हा त्या थोड्या तासांची तयारी म्हणून वर्षभर भरलेला असतो. बिलावर मात्र तसं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे ‘स्थिर आकार’ एवढे दोनच शब्द.

रांग लावताना धुराचा हिशोब सहसा होत नाही, हेही सांगायला हवं. कोळशाच्या केंद्रातून एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, वायूवरच्या चांगल्या केंद्रातून त्याच्या निम्म्याहून कमी. पण कार्बनवर कर किंवा किंमत नसेल तर रांगेत जुना, धुरकट पण स्वस्त कोळसा ऐटीत पुढे उभा राहतो. नियंत्रण कक्षातला माणूस काही निसर्गाचा वैरी नसतो. त्याच्या पडद्यावर फक्त दराचा रकाना असतो, धुराचा नसतो.

सातच्या विजेचं हे गणित पहिल्यांदा ज्याला नीट कळलं तो सॅम्युएल इन्सल, एडिसनचा एकेकाळचा सेक्रेटरी. 1892 मध्ये तो शिकागोला आला तेव्हा वीज म्हणजे संध्याकाळचे दिवे. दिवसभर यंत्रं झोपलेली. त्याने दिवसा वीज ओढणाऱ्या ट्राम आणि कारखान्यांना स्वस्तात वीज विकली आणि यंत्रं चोवीस तास कामाला लावली. इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्याने एक मीटर पाहिला होता, जो युनिटबरोबरच ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली हेही दाखवायचा. त्यावरून दर दोन भागांत आला, यंत्रसामग्रीचा वेगळा आणि वापराचा वेगळा. वीज स्वस्त होत गेली. (1932 मध्ये इन्सलचं साम्राज्य कर्जाखाली कोसळलं आणि लोक देशोधडीला लागले, ती कहाणी निराळी.)

इन्सलला धुराची चिंता नव्हती, म्हणून त्याचा उपाय ‘रिकाम्या वेळी आणखी विका’ एवढाच होता. आपल्याला तेवढ्यावर भागणार नाही. पण त्याच्या काळापासून एक मजेशीर उलथापालथ झालीय. कित्येक दशकं स्वस्त वेळ म्हणजे मध्यरात्र. सौर पॅनेलच्या किमती गेल्या दशकात सुमारे 90 टक्क्यांनी पडल्या आणि जिथे ऊन मुबलक आहे तिथे स्वस्त वेळ उचलून भरदुपारी येऊन बसली. कॅलिफोर्नियाच्या ग्रीडवाल्यांनी 2013 मध्ये याचा आलेख काढला. दुपारी इतर केंद्रांवरचा भार पोटासारखा खाली लोंबतो आणि सूर्य मावळताच मान ताणून वर जातो, म्हणून त्याचं नाव पडलं बदकाचा आलेख. बदकाची मान म्हणजेच आपले सात वाजले. तिथे आता ती मान बॅटऱ्या खाली दाबतात. 2024 मध्ये त्या राज्यात बॅटऱ्यांची क्षमता 10,000 मेगावॅटच्या पुढे गेली. दुपारचं ऊन संध्याकाळी खर्ची पडतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधता येते हे निदान एका ठिकाणी तरी दिसलं.

तरीही कितीतरी कंपन्यांच्या दरपत्रकात सवलतीचे तास अजून रात्रीचेच आहेत. सूर्य सरकला, दरपत्रक सरकलं नाही.

का सरकत नाही? इथे माझ्या जुन्या धंद्याची खरी खोड आहे. बऱ्याच ठिकाणी नियामक, म्हणजे विजेचे दर मंजूर करणारी सरकारी यंत्रणा, वीज कंपनीला तिने गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक टक्के परतावा देते. उपकेंद्र बांधलं की परतावा. केंद्र बांधलं की परतावा. लोकांना चार हजार गिझर सातऐवजी चारला लावायला शिकवलं तर? शून्य, उलट विक्री घटली म्हणून तोटा. ॲव्हर्च आणि जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्येच मांडलं होतं की असा नियम असला की कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतणारच. यात कुणी बदमाश असायची गरज नाही. मीही त्या बैठकांना बसलोय. नवं उपकेंद्र म्हटलं की माना डोलायच्या, मागणी हलवायची म्हटलं की चहा यायचा.

कॅलिफोर्नियाने 1982 मध्ये कंपनीचं उत्पन्न विकलेल्या युनिटपासून तोडलं, म्हणजे विक्री घटली तरी मंजूर उत्पन्न मिळतं. बचत ही शत्रू राहिली नाही. आणि बचत किती मोठी गोष्ट आहे ते फ्रिजवरून बघा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला नवा फ्रिज वर्षाला 1,800 युनिटच्या आसपास खायचा. सक्तीची मानकं कडक होत गेली आणि 2001 नंतरचा, आकाराने मोठा असलेला फ्रिज 500 च्या आसपास आला. त्या फ्रिजांसाठी लागली असती ती वीजकेंद्रं बांधावीच लागली नाहीत. न बांधलेल्या केंद्राचं उद्घाटन करायला मात्र कुणी मंत्री येत नाही.

परवडण्याबद्दल दोन चुका जगाने करून दाखवल्यात, दोन्ही विरुद्ध टोकांच्या.

पहिली स्पेनची. तिथे बरीच वर्षं दर खर्चापेक्षा कमी ठेवले गेले आणि फरक वहीत ‘येणे’ म्हणून लिहीत गेले. लोक खूश, सरकार खूश. ही उधारी वाढत वाढत 2,500 कोटी युरोंच्या पुढे गेली. ती आटोक्यात आणायला 2013 मध्ये सरकारने अपारंपरिक वीज प्रकल्पांना आधी कबूल केलेले पैसेच कापले. गुंतवणूकदार न्यायालयात आणि लवादात गेले. स्वस्ताईच्या उधारीचं व्याज शेवटी सौर प्रकल्पांवरही निघालं.

दुसरी टेक्सासची. फेब्रुवारी 2021 च्या थंडीत वायूच्या विहिरी, वायूवरची केंद्रं, काही पवनचक्क्याही गोठल्या. घाऊक बाजारातला दर युनिटला 9 डॉलर या कमाल मर्यादेला टेकला आणि कित्येक दिवस तिथेच राहिला. ज्यांनी घाऊक दराशी जोडलेली योजना घेतली होती त्यांना हजारो डॉलरची बिलं आली. राज्याच्या मोजणीप्रमाणे 246 माणसं गेली. म्हणून वेळेनुसार दर म्हणजे ग्राहकाला बाजारात उघडं सोडणं, असं कुणी समजू नये. दर वर्षाच्या सुरुवातीला जाहीर असावा, त्याला छप्पर असावं, आणि छोट्या घरांचे पहिले काही युनिट कायम स्वस्तच असावेत. ती सवलत सरकारने रोख भरावी, स्पेनसारखी वहीत लिहू नये.

आता नवीन पाहुणे. डेटा सेंटर. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे 415 अब्ज युनिट वापरले, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि 2030 पर्यंत हे दुपटीहून जास्त होईल. टक्का लहान दिसतो. पण ही मंडळी एकाच उपकेंद्राच्या दारात येऊन शेकडो मेगावॅट मागतात, आणि त्यातली काही नंतर फिरकतही नाहीत. त्यांच्यासाठी बांधलेल्या तारांचं कर्ज मग दोन खोल्यांच्या घरातली माणसं फेडतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 2025 मध्ये नियामकाने एक बरा तोडगा मान्य केला. मोठ्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागून ठेवली त्याच्या किमान 85 टक्क्यांचे पैसे वापर कमी झाला तरी भरायचे. मंडप मागवलात तर भाडं तुमचं, वऱ्हाड येवो न येवो. एवढं साधं कलम लिहायला इतकी वर्षं का लागावीत, हे मला विचारू नका.

दुसऱ्यांवर एवढं बोललो, आता स्वतःवर.

निवृत्तीच्या पैशातून मी छतावर सौर पॅनेल बसवले. दिवसा जास्तीची वीज ग्रीडला देतो, संध्याकाळी तेवढीच परत घेतो, महिन्याअखेरीस वजाबाकी. बिल जवळजवळ शून्य. पहिले सहा महिने मी ते बिल लोकांना दाखवत फिरलो. मग एकदा पुतणीने सहज विचारलं, “काका, बिल शून्य तर मग तुमच्या घराला येणारी तार कुणाच्या पैशाची?”

बावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला हा प्रश्न पोरीने विचारावा! मी दुपारी देतो ती वीज, जेव्हा आधीच सगळीकडे भरपूर असते. मी घेतो ती सातची, रांगेतल्या शेवटच्या केंद्राची. दोन्ही युनिटांची किंमत एकच धरून वजाबाकी होते. ग्रीड माझी फुकटची बॅटरी आहे, आणि तिचं भाडं ज्यांच्याकडे स्वतःचं छतच नाही ते भरतायत. पॅनेल लावले याचा मला पश्चात्ताप नाही, धूर नक्कीच कमी झाला. पण पुण्य माझं आणि खर्च शेजाऱ्याचा, हा हिशोब काही बरा नाही. यावर छतावरच्या सौर विजेलाच दंड लावा असं म्हणणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांचंही मला पटत नाही. दुपारच्या युनिटला दुपारचा भाव द्या, सातच्या युनिटला सातचा लावा, एवढंच. मग माझ्यासारखा माणूस आपोआप छोटी बॅटरी घेईल, नाहीतर निदान वॉशिंग मशीन बाराला लावेल. आमचं मशीन गेल्या वर्षापासून बारालाच लागतं. गिझरला टायमर बसवलाय. त्यावरून सुरुवातीला कुरकुर झाली, आता सवय झाली.

गेल्या आठवड्यात दरवाढीच्या जाहीर सुनावणीसाठी मी लेखी म्हणणं पाठवलं. त्यात बाकीच्या मुद्द्यांबरोबर एक मागणी आहे, की माझ्यासारख्या छतवाल्या ग्राहकांची संध्याकाळची वीज दुपारच्या विजेतून जशीच्या तशी वजा करू नये. मान्य झालं तर आमचं शून्य बिल संपलं. घरात हे अजून सांगितलेलं नाही. ही पोस्ट वाचूनच कळेल.