मालक बदलतात, मकाव तेच राहतात

मायामीच्या वॉटसन बेटावरील ‘जंगल आयलंड’ या उद्यानाविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. आम्ही दक्षिण फ्लोरिडात राहायला आल्यापासून भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायामीच्या मतदारांनी या जागेपैकी ५.४ एकर जमीन निवासी मनोऱ्यांसाठी विकण्याच्या बाजूने कौल दिला. किंमत १३.५ कोटी डॉलर, आणि उरलेल्या सुमारे १३ एकरांवर सार्वजनिक बाग, असा तो प्रस्ताव होता. बाग होणार याचा मला आनंदच आहे. पण त्या काळात जी चर्चा माझ्या कानावर आली, तिच्यात एकरांचे, डॉलरचे आणि सदनिकांचे आकडे होते; ज्या पक्ष्यांमुळे लोक या उद्यानाकडे वळले, त्यांचा उल्लेख मात्र मला शोधून काढावा लागला.

या उद्यानाचे मूळ नाव ‘पॅरट जंगल’. फ्रान्झ शेर नावाचे एक ऑस्ट्रियन गृहस्थ होमस्टेड गावात जनावरांच्या खाद्याचे दुकान चालवत असत. पक्षी पिंजऱ्यात न ठेवता मोकळे उडताना लोकांना दाखवावेत, या कल्पनेने ते झपाटले आणि त्यांनी वर्षाला २५ डॉलर भाड्याने २० एकरांचे रान घेतले. तिथली झाडे न तोडता, पोवळ्याच्या खडकातून वळणावळणाची पायवाट खोदून, २० डिसेंबर १९३६ रोजी त्यांनी उद्यान उघडले. पहिल्या दिवशी शंभरेक माणसे आली. प्रत्येकाने २५ सेंट दिले आणि शेर यांनी स्वतः फिरून त्यांना पक्ष्यांची व झाडांची माहिती सांगितली. पुढे १९४६ मध्ये विन्स्टन चर्चिलही तिथे येऊन गेले.

१९८८ मध्ये उद्यान शेर कुटुंबाकडून बर्न लेव्हाइन या पशुवैद्यांकडे गेले. २००२ मध्ये पाइनक्रेस्ट गावाने मूळ जागा विकत घेतली आणि २००३ मध्ये पक्षी वॉटसन बेटावर हलवण्यात आले. तिथली जमीन मायामी शहराची, उद्यान भाडेपट्ट्यावर. २००७ मध्ये ‘पॅरट जंगल आयलंड’ या तिथल्या नव्या नावातला ‘पॅरट’ गेला. २०१७ मध्ये उद्यान ‘ईएसजे कॅपिटल पार्टनर्स’ या गुंतवणूक कंपनीकडे आले, त्याच वर्षी इर्मा चक्रीवादळाने ते बंद पाडले, आणि पुन्हा उघडले तेव्हा झिपलाइनसारखे साहसी खेळ पुढे आले होते. २०१८ मध्ये मतदारांनी तिथे हॉटेलला मंजुरी दिली होती. ते उभे राहिले नाही.

हा क्रम मी मुद्दाम मांडला, कारण निळा-पिवळा मकाव हा मोठा, लांब शेपटीचा पोपट माणसाच्या देखभालीत पन्नास-साठ वर्षे सहज जगतो. म्हणजे शेर कुटुंबाच्या काळात अंड्यातून बाहेर आलेल्या एखाद्या पक्ष्याने एका आयुष्यात तीन मालक, दोन जागा आणि तीन नावे पाहिलेली असू शकतात. यांपैकी एकही बदल त्याला विचारून झालेला नाही, हे उघड आहे. पण त्याच्यासाठी काय ठरले आहे, हे लेखी सांगण्याची जबाबदारी तरी कोणावर होती का, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

पोपटाच्या दृष्टीने मालक बदलणे म्हणजे काय, हे मी लहानपणी घरातच पाहिले आहे. साताऱ्याला माझ्या आजीकडे एक राघू होता. आपल्याकडचे पोपट पाळणे हा आज कायद्याने गुन्हा आहे आणि तसाच तो असायला हवा; तेव्हा आमच्या आळीत कोणाच्या मनातही हे येत नसे. दुपारी चारला दूधवाल्या मावशींची बरणी वाजली की राघू “आली गं” म्हणून आजीला हाक मारी. आजी गेली आणि पिंजरा कऱ्हाडला काकांकडे गेला. काकू त्याचे मनापासून करायची. डाळ, पेरू, मिरची, कशालाच कमी नव्हते. तरीही तो रोज चारच्या सुमारास हाक मारी आणि कोणी आले नाही की छातीची पिसे उपटत बसे. दोन महिन्यांत त्याच्या छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. तिथली सुरकुतलेली गुलाबी कातडी मला अजून दिसते. त्याला खाणे मिळत होते, माणूस मिळत नव्हते.

म्हणूनच ‘जंगल आयलंड’मध्ये मी पक्ष्यांइतकीच त्यांना सांभाळणाऱ्यांकडेही पाहत आले. मागे एकदा आईला घेऊन गेले होते, तेव्हा एक तरुणी मकावच्या नख्या तपासत होती. तिने हात पुढे करण्याआधीच त्या पक्ष्याने डावा पाय उचलून धरला. तिच्या आवाजासरशी त्याच्या गालांवरची पांढरी कातडी लालसर झाली. मकावचे गाल असे रंगतात हे मी वाचले होते; पाहिले त्या दिवशी पहिल्यांदा. आई एवढेच म्हणाली, “हिला ओळखतोय तो.” ही ओळख कोणत्याही विक्रीच्या हिशेबात येत नाही.

या पक्ष्यांना सोडून द्या, असे काही मित्र मनापासून म्हणतात. माणसाच्या हातावर वाढलेला मकाव किंवा मोलुक्कन काकाकुवा रानात स्वतःचे पोट भरू शकेलच असे नाही, आणि त्याचे रान दक्षिण अमेरिकेत किंवा इंडोनेशियात आहे, फ्लोरिडात नाही. दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात पाठवणेही सोपे नाही. २०२२ पासून अमेरिकेत पसरलेल्या बर्ड फ्लूमुळे पक्षी हलवताना विलगीकरण आणि तपासण्यांची काळजी वाढली आहे. शिवाय वर्षानुवर्षे जमलेली जोडी एकत्रच जाईल, याची खात्री कोणी द्यायची?

माझे म्हणणे असे की, पक्षी असलेले उद्यान हस्तांतरित करताना पक्ष्यांची व्यवस्था कराराचाच भाग असली पाहिजे. प्रत्येक पक्ष्याचे वय, जोडीदार, आजार आणि त्याला ओळखणारा माणूस यांची नोंद विक्रीआधी जाहीर व्हावी. जमिनीच्या किमतीतून त्यांच्या उरलेल्या आयुष्याच्या खर्चाइतकी रक्कम वेगळी काढावी, आणि सांभाळणाऱ्यांपैकी निदान काहींची नोकरी पक्ष्यांबरोबर नव्या जागी जावी. खासगी व्यवसायावर हे ओझे लादता येणार नाही, असे मला सांगितले जाते. पण इथे जमीन शहराची आहे. विकणारे शहर आहे आणि अटी घालण्याचा अधिकारही शहराचाच आहे. सदनिकांची कमाल संख्या लिहिता येते, बागेचे एकर लिहिता येतात, तर पक्ष्यांसाठी एक परिच्छेद का लिहिता येऊ नये?

हे अशक्य नाही, याचा पुरावा जवळच आहे. पाइनक्रेस्ट गावाने मूळ ‘पॅरट जंगल’ची जागा इमारतींच्या हाती न देता ‘पाइनक्रेस्ट गार्डन्स’ म्हणून जपली, आणि आज ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे. शेर यांनी न तोडलेली झाडे अजून उभी आहेत. त्या परिसरात निळे-पिवळे मकाव आता मोकळे उडतात आणि वाळलेल्या ताडांच्या पोकळ खोडांत घरटी करतात. त्यांना चोरट्यांनी पकडू नये म्हणून तिथले रहिवासी जागे असतात.

दक्षिण फ्लोरिडातील मराठी मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, आपल्या भागाच्या आयुक्तांना दोन ओळींचे पत्र लिहावे आणि पक्षी कोठे, कोणाबरोबर आणि कोणाच्या खर्चाने जाणार, एवढेच विचारावे. माझे पत्र मी काल पाठवले. त्यात त्या डावा पाय उचलणाऱ्या मकावविषयी स्वतंत्रपणे विचारले आहे. उत्तर आले की इथेच कळवीन.