‘मिराझ’ म्हणजे मृगजळ नव्हे

परवा भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. ती पुण्यात फ्रेंच शिकते, दुसरं वर्ष आहे. खाली एवढंच लिहिलं होतं, “मावशी, हे खरं असेल तर मी शिकतेय कशासाठी?” तोच मेसेज आधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी सोडून दिला होता. तिचा प्रश्न वाचल्यावर मात्र गप्प बसवेना. फ्रान्समधल्या औषध कारखान्यांच्या कागदांचं इंग्रजी करणं हा माझा रोजचा धंदा आहे.

मेसेजचं म्हणणं असं: इंग्रजीतले निम्मेअधिक शब्द फ्रेंचमधूनच आलेत, तेव्हा सारखा दिसेल तो शब्द तसाच ठेवायचा. आकडे कुठल्याही भाषेत तेच असतात. उरलेलं यंत्र करतं. भाषांतरकार फुकटचे पैसे घेतात.

पहिल्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तेव्हापासून फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरत आलेत. ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन, सस्पेन्शन हे दोन्हीकडे जवळजवळ तेच. पण ‘तसाच ठेवायचा’ हा सल्ला ज्याने दिला, त्याने कारखान्यातला एकही कागद हातात धरलेला नाही.

‘मिराझ’ घ्या. स्पेलिंग इंग्रजी ‘मिराज’चंच, एका अक्षराचाही फरक नाही. इंग्रजीत अर्थ मृगजळ. फ्रेंच कारखान्यात मिराझ म्हणजे भरलेल्या कुप्या उजेडासमोर धरून डोळ्यांनी तपासणं. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाची मानकं देणाऱ्या ग्रंथात, डोळ्यांना दिसणाऱ्या कणांची चाचणी दिली आहे, तीत कुपी हलकेच फिरवून पांढऱ्या पाटीसमोर सुमारे 5 सेकंद पाहायची आणि मग काळ्या पाटीसमोर तेच पुन्हा करायचं. काचेचा कण, धाग्याचा तुकडा इथे सापडला नाही तर तो कुणाच्या तरी शिरेत जातो. तो शब्द तसाच ठेवला, तर इंजेक्शनच्या कागदावर या तपासणीच्या रकान्यात मृगजळ लिहिलेलं राहतं.

याहून वाईट शब्द ‘दोझाझ’, कारण त्याचं चुकीचं इंग्रजीही बरोबर वाटतं. प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचा अर्थ ॲसे, म्हणजे औषधी द्रव्य नेमकं किती भरलं ते मोजणं. खोक्यावर त्याचाच अर्थ स्ट्रेंग्थ, म्हणजे एका गोळीत किती मिलिग्रॅम. इंग्रजीत डोसेज म्हटलं की वाचणारा समजतो, किती आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं. त्यासाठी फ्रेंचमध्ये ‘पोझोलोझी’ हा वेगळा शब्द आहे. गोळीची ताकद लिहायच्या जागी घ्यायचं प्रमाण छापलं गेलं, तर ते रुग्णाच्या हातात तसंच पोचतं.

‘काँत्रोले’ हे क्रियापदही तसंच. तपासायला आलेल्या एका मसुद्यात दर 30 मिनिटांनी तापमान ‘कंट्रोल’ करा, असं इंग्रजी होतं. मूळ सूचना होती तापमान बघा आणि नोंदवा. ऑपरेटरने इंग्रजी प्रमाण मानलं असतं, तर दर अर्ध्या तासाने बटण फिरवलं असतं आणि अख्खी बॅच अडचणीत आली असती. ‘कंट्रोल’ कधीच चालत नाही असंही नाही, क्वालिटी कंट्रोलच्या नावात तो बरोबरच आहे. कुठे चालतो आणि कुठे नाही हे ठरवण्याचेच आम्ही पैसे घेतो.

आकड्यांचं तर बोलूच नका. फ्रेंचमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. कागदावर 1,250 किलो दिसलं तर ते सव्वा किलो. आपल्याकडचा कुणीही ते साडेबाराशे किलो वाचेल.

यंत्राबद्दल: सलग, लांब मजकूर ते बरा करतं, मीही वापरते. पण बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे एका बॅचच्या उत्पादनाच्या नोंदींच्या कागदात, सलग मजकूर असतोच किती? चौकटी असतात आणि चौकटीत दोन-तीन शब्द. ‘विद द लीन्य’ एवढंच लिहिलेलं. सुटे शब्द घेतले तर ‘विद’ म्हणजे रिकामं किंवा निर्वात आणि ‘लीन्य’ म्हणजे ओळ. प्रत्यक्षात ती लाइन क्लिअरन्सची चौकट आहे: नवी बॅच सुरू करण्याआधी यंत्राखाली, पट्ट्यावर, कोपऱ्यात मागच्या औषधाची एकही गोळी, फॉइल वा माहितीपत्रक राहिलं नाही हे पाहून सही करायची. हे आजूबाजूच्या वाक्यावरून कळत नाही, कारण आजूबाजूला वाक्यच नसतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्ट्रासबुर्गच्या ईडीक्यूएमवर, म्हणजे औषधांचा दर्जा पाहणाऱ्या युरोपियन संस्थेवर ठेवा. युरोपियन फार्माकोपिया तीच संस्था काढते, इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन अधिकृत भाषांत. औषधाचं रूप, देण्याचा मार्ग, पॅकिंग यांसाठी कुठल्या भाषेत कुठला शब्द वापरायचा, याची ‘स्टँडर्ड टर्म्स’ ही यादीही तीच सांभाळते. फ्रेंच ‘झेल्यूल’ला इंग्रजीत हार्ड कॅप्सूल आणि ‘काप्स्यूल मोल’ला सॉफ्ट कॅप्सूल. फ्रेंचमध्ये दोन वेगळी नावं, इंग्रजीत एकाच नावाला वेगवेगळं विशेषण. सारखे दिसणारे शब्द तसेच ठेवून भागलं असतं, तर ही यादी करायची गरज कुणाला पडली असती?

दराबद्दल काही म्हणत नाही. ज्याला स्वस्तात करून घ्यायचंय, त्याने घ्यावं आणि खाली सहीही स्वतःच करावी.

भाचीला मी रात्रीच बॅच रेकॉर्डचा एक कोरा नमुना पाठवला, चार पानांचा, अकरा चौकटींचा. रविवारी वही घेऊन येतेय.