सोशिक म्हणजे मवाळ नव्हे

कुत्रे पाळणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा, की पिट बुल हा जात्याच मवाळ कुत्रा असून एके काळी इंग्लंडात तो मुले सांभाळायला ठेवत असत. स्वभावचाचणीत तो गोल्डन रिट्रीव्हरलाही मागे टाकतो. आणि त्याला वेदना फारशी जाणवतच नसल्याने मुलांनी कान ओढले किंवा पाठीवर बसली, तरी तो काही करत नाही. सोबत बहुधा एक छायाचित्र असते: पाठीवर दोन-अडीच वर्षांचे मूल आणि खाली कुत्रा, तोंड घट्ट मिटलेले, मान ताठ, बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसणारी. मजकूर लिहिणाऱ्याला त्यात शांतपणा दिसतो. ही लक्षणे कुत्रा अवघडल्याची आहेत.

मुले सांभाळण्याची कथा आधी निकालात काढू. 'पिट बुल' हे एका जातीचे नाव नसून अमेरिकन पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर अशा काही जवळच्या जातींना मिळून वापरला जाणारा सैल शब्द आहे. यांचे पूर्वज ब्रिटनमध्ये बैलावर सोडले जात. 1835 च्या कायद्याने तो खेळ बंद झाल्यावर कुत्र्यांच्या चोरट्या झुंजींचे पेव फुटले. 'दाई कुत्रा' हे बिरुद लोकांपुढे आले ते बरेच उशिरा, 1971 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलेल्या एका लेखातून, आणि तेही स्टॅफर्डशायर बुल टेरियर या वेगळ्या, आकाराने लहान जातीविषयी.

चाचणीचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण त्यातले आकडे खोटे नाहीत. अमेरिकन टेम्परामेंट टेस्ट सोसायटी 1977 पासून ही चाचणी घेते आणि तिच्यात अमेरिकन पिट बुल टेरियरचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण सुमारे 87 टक्के, तर गोल्डन रिट्रीव्हरचे सुमारे 85 टक्के आहे. मात्र ती चाचणी म्हणजे पट्ट्याला धरलेला कुत्रा अनोळखी माणूस, बंदुकीचा बार, अचानक उघडलेली छत्री, पायाखालचे प्लॅस्टिक यांना कसा सामोरा जातो याची आठ-दहा मिनिटांची पाहणी होय. तिच्यात मूल कुठेच नाही. शिवाय कुत्र्याला तिथे घेऊन जायचे की नाही हे मालकच ठरवतो, आणि गुण देताना त्या जातीकडून काय अपेक्षित आहे हेही विचारात घेतले जाते. ती बिचकणारा कुत्रा ओळखायला उपयोगी आहे. घरातले मूल कोणत्या कुत्र्याजवळ सुरक्षित, हे तिला विचारण्यात अर्थ नाही.

आता वेदनेकडे वळतो, कारण सगळ्यांत मोठा घोटाळा इथे आहे. वेदना जाणवणे ही एक गोष्ट आणि ती दाखवणे ही दुसरी. झुंजी लावणारे लोक ज्या गुणावर पैसे लावत, त्याला ते 'गेमनेस' म्हणत, म्हणजे अंगावर जखमा असतानाही माघार न घेणे. झुंजीच्या भरात शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि एंडॉर्फिन वाढलेले असतात आणि वेदना तेवढ्यापुरती दबते. हे कुठल्याही कुत्र्यात होते, माणसातही होते. तेवढ्यावरून दिवाणखान्यात पहुडलेल्या कुत्र्याला शेपटीवर पाय पडल्याचे कळत नाही, असे मुळीच निघत नाही.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा जातींचे, पिट बुल धरून, 149 कुत्रे तपासले. मागच्या पंजावर बॉलपेनसारख्या उपकरणाने दाब दिला, ऊब लावली आणि कुत्रा पाय कधी मागे घेतो ते मोजले. जातीजातींत फरक निघाले खरे, पण पशुवैद्यांच्या मनातल्या क्रमवारीशी ते सगळीकडे जुळले नाहीत. ज्याला पशुवैद्य फार हळवा समजत तो सायबेरियन हस्की मधल्या फळीत निघाला. पिट बुलला वेदना जाणवतच नाही, असे मात्र त्यातून निघाले नाही.

या समजुतीची झळ आधी कुत्र्यालाच बसते. आमच्या शेजारचा सहा वर्षांचा पिट बुल मागचा एक पाय नुसता बोटांवर टेकवत आठवडाभर चालत होता आणि मालक सांगत होते, "पिट बुल आहे तो, त्याला काय दुखतंय?" शेपूट हलत होती, जेवणही चालू होते. पशुवैद्यांनी गुडघा हलवून पाहिला तेव्हा तो ओरडला नाही. त्याने ओठ चाटले, मान वळवून डॉक्टरांच्या हाताकडे पाहिले आणि अंग लाकडासारखे ताठ केले. डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि आधी मुसके बांधायला सांगितले. गुडघ्यातला अस्थिबंध तुटलेला होता. हाच हात चार वर्षांच्या मुलाचा असता, तर ओठ चाटण्याचा अर्थ त्याला कोण सांगणार होते?

विरोधी बाजूच्याही कंड्या कमी नाहीत, हे इथेच नोंदवतो. पिट बुलच्या जबड्याला 'कुलूप' लागते, ही निव्वळ दंतकथा आहे. तशी कोणतीही रचना त्या जबड्यात नाही. 2022 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत तर एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीने उलगडला. पण हा आकडा मवाळपणाच्या दाव्यालाही तितकाच मारक आहे, कारण जातीचे नाव धोक्याची खात्री देत नसेल, तर सुरक्षिततेचीही देत नाही. चावा बसलाच तर तो किती खोल, हा प्रश्न मात्र अंगाच्या ताकदीचा आणि पकड न सोडण्याचा असतो. 2022 मध्ये लखनौला घरच्याच पिट बुलने एका वृद्धेचा जीव घेतला आणि 2024 मध्ये गोव्यातील हणजुणे येथे पिट बुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा दगावला.

उरते एक उत्तर, जे अशा चर्चेत हमखास येते: "आमचा दहा वर्षांचा आहे, मुले अंगावर खेळतात, कधी चावला नाही." माझा त्यावर विश्वास आहे, बहुतेक कुत्रे चावत नाहीत. फक्त दहाव्या वर्षी त्याच्या कमरेत संधिवात सुरू झालेला असू शकतो, आणि पाठीवर बसणारे मूल गेल्या वर्षीपेक्षा दोन-तीन किलोंनी जड झालेले असते.